सात फुटांचा पलंग

जिन्याच्या वळणावर पलंग अडकला.

*

कॅल्डरशॉ टाउन फुटबॉल क्लबच्या अकादमीच्या फाटकावर निळी पाटी आहे : ‘आम्ही आधी माणूस घडवतो, मग खेळाडू.’ पाटी दर उन्हाळ्यात धुतात.

*

अकादमीतून गळलेला डॉमिनिक आता फरशांच्या दुकानात असतो. ग्लेनिस ड्यूहर्स्टला बाथरूमसाठी थोड्या फरशा हव्या होत्या. तिला दारात पाहून तो मागच्या गोदामात शिरला आणि ती बाहेर पडेपर्यंत आलाच नाही. दोन वर्षं तो तिच्या घरी राहिला होता. तिच्या हातची ग्रेव्ही चमच्याने प्यायचा.

*

पायाचं बोट मोडलं तर ते शेजारच्या बोटाला बांधतात. मग बूट घालता येतो. इंजेक्शन घेतलं तर पळताही येतं.

*

अकादमीची आणि तिथली मुलं राहतात त्या घरांची तपासणी करणारे आले, तेव्हा त्यांनी ग्लेनिसच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला, धुराची घंटा वाजवून पाहिली, टॉवेल नाकाला लावून पाहिले. दर्जा : उत्कृष्ट. अकादमीलाही तोच दर्जा मिळाला. इथून बाहेर पडलेली मुलं पुढे कुठे जातात, हे पाहायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं.

*

“बाई, इथं झोपणार कोण आहे? जिराफ?”

पलंग घेऊन आलेल्या दोघांपैकी जाडा माणूस वळणावर अडकला होता. त्याच्या छातीवर पलंगाचा पाय टेकलेला. खालून दुसरा ढकलत होता.

“ढकलू नकोस रे, मेलो ना मी!”

“मग पोट आत घे!”

“पोट आतच आहे. हे बाहेर दिसतंय ते दुपारचं जेवण.”

शेवटी जिन्याचा लाकडी कठडा काढावा लागला. हॅरल्डने, म्हणजे ग्लेनिसच्या नवऱ्याने, तो स्वतः बसवला होता. हॅरल्ड गेल्यावर रिकामं घर तिला खायला उठलं, तेव्हा तिने मागची खोली क्लबला दिली. लांबच्या गावाहून आलेल्या पोरांना क्लब असंच आमच्या गावातल्या घरांत ठेवतो. जेवण, अंथरूण, वेळेवर उठवणं. एकच नियम : घरमालकिणीने फुटबॉलबद्दल बोलायचं नाही. कोण राहणार, कोण जाणार, यात तोंड घालायचं नाही. ग्लेनिसने तो नियम इतकी वर्षं पाळला होता आणि त्याचा तिला अभिमान होता.

“पण मी पलंग मागवलाच नाही,” ती म्हणाली.

“क्लबने मागवलाय. सात फुटी. असला तयार मिळत नाही बाई, बनवून घ्यावा लागतो.” जाड्याने कपाळ पुसलं. “जुना आम्ही घेऊन जायचाय.”

जुन्या पलंगावर कॅलेब झोपायचा. तो तेव्हा मैदानावर होता.

कॅलेब फिअरन. वर्किंग्टनचा, सतरा वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा. संघातली मुलं त्याला ‘खिसा’ म्हणायची, कारण तो कुणाच्याही खिशात मावेल. आठ वर्षांचा असल्यापासून क्लबच्या कुठल्या ना कुठल्या शर्टात होता. या शुक्रवारी त्याला सांगणार होते : व्यावसायिक करार, की घर.

ग्लेनिसने क्लबला फोन लावला. खेळाडूंची देखभाल बघणारी रोवेना पाइक फोनवर आली. ती चांगली मुलगी होती. हेच तर वाईट होतं.

“अगंबाई, आला पण? तो जुलैत पोचवायचा होता.”

“कुणासाठी?”

“नवा मुलगा येतोय, ब्रिस्टलहून. बचाव फळीतला. सहा फूट पाच. खूप गोड आहे, तुम्हाला आवडेल.”

“रोवेना, माझ्याकडे खोली एकच आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ग्लेनिस, प्लीज. कॅलेबला शुक्रवारी सांगणार आहेत. त्याची आईपण येतेय. तोवर काही बोलू नका ना. गुरुवारी युवा चषकाची उपांत्य फेरी आहे. त्याचं डोकं मोकळं राहायला हवं. त्याच्याच भल्यासाठी.”

“कुणाच्या?”

“ग्लेनिस...”

तिने फोन ठेवला. मग बटाटे सोलायला घेतले, आणि सोलता सोलता इतके सोलले की चार घरांना पुरले असते.

*

“मिसेस डी! कठडा कुठं गेला?”

बूट दारातच फेकल्याचा आवाज. उजवा आधी, मग हळूच डावा, कारण डाव्यात ते मोडलेलं, बांधलेलं बोट. वर जाणारी पावलं. मग काहीच नाही.

मग एक आरोळी. तो धडधडत खाली आला. कठडा नसल्यामुळे भिंतीला धरून.

“त्यांनी मला पलंग पाठवला!”

ग्लेनिसच्या हातात ग्रेव्हीचं भांडं होतं.

“सात फुटी! मी झोपून पाहिलं, पाय पार अर्ध्यातच संपतात! मिसेस डी, तुमच्या लक्षात येतंय का? मागे माझ्या मनगटाचा एक्स-रे काढला ना, डॉक्टर म्हणाले हाडं अजून वाढतायत. म्हणजे त्यांना माहितीय मी वाढणार. आणि जो राहणारच नाही, त्याला पलंग कशाला देतील? सांगा ना!”

“बस. गार होतंय.”

“थांबा, आईला सांगतो.”

त्याने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. लोर्ना फिअरन तिकडे शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. आधी ती ओरडली, मग तिने कुणाला तरी हाक मारली, मग मागे चार-पाच बायका ओरडल्या. भांडी वाजली.

“मी म्हटलं नव्हतं?” लोर्ना म्हणाली. “ख्रिसमसला अकादमीच्या लोमॅक्स साहेबांनी स्वतः सांगितलं होतं, दार सताड उघडं आहे, आता सगळं तुझ्या हातात. आणि तू त्या मोडक्या बोटावर खेळलास! ग्लेनिस, तुम्ही आहात का तिथं? तुम्हीच वाढवलंत हो त्याला. मी शुक्रवारी केक घेऊन येते.”

“या,” ग्लेनिस म्हणाली.

नियम तिने पाळला. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा पाळला.

रात्री त्याने नव्या गादीवरचं प्लास्टिक फाडलं आणि पलंगाच्या पायथ्याशी एक उशी ठेवली. “सध्यापुरती,” म्हणाला. “वाढलो की काढू.”

*

एक खरं सांगायला हवं. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत असतं. आठ वर्षांची पोरं उचलतात, क्लबचा शर्ट घालतात, आजी-आजोबा फोटो काढतात. शाळेत मास्तर म्हणतात, ‘याचं काय, हा तर खेळाडू होणार,’ आणि गणित शिकवायचं सोडून देतात. दर वर्षी थोडी गाळतात. जी लवकर वाढली ती चांगली दिसतात, म्हणून ठेवतात. जी उशिरा वाढणार ती गळतात. आणि टीव्हीवर मोठमोठी माणसं बसून विचारतात, या देशात चांगले खेळाडू का तयार होत नाहीत? आम्ही सोफ्यावर बसून माना हलवतो. फरशांच्या दुकानात जाऊन कुणी विचारत नाही.

*

बुधवारी सकाळी ग्लेनिस अकादमीत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फाटकावरचा पोरगा म्हणाला, “आजी, कुणाला भेटायचंय?” ती म्हणाली, “पाटी वाचायला आलेय.”

गॅरेथ लोमॅक्स, अकादमीचा प्रमुख, उठून उभा राहिला. त्याच्या मागे भिंतीवर अकादमीतून मुख्य संघात गेलेल्या खेळाडूंचे फोटो. भिंत मोठी होती. फोटो थोडे होते.

“मिसेस ड्यूहर्स्ट, घरमालकिणी सहसा इकडे...”

“त्याला वाटतंय पलंग त्याचा आहे.”

“काय?”

“त्याला वाटतंय तो उंच होणार म्हणून तुम्ही पलंग पाठवला. आईला सांगितलंय त्यानं. ती केक आणतेय.”

लोमॅक्सला हसू फुटलं. दुष्टपणाने नाही, नुसतंच फुटलं. मग त्याने ते आवरलं.

“गैरसमज झाला. वाईट वाटतं. रोवेना बघेल.”

“काय बघेल? आत्ता बोलवा त्याला. सांगा.”

“आमची पद्धत ठरलेली आहे. सगळ्या मुलांना एकाच दिवशी सांगतो. शुक्रवारी.”

“गुरुवारी का नाही?”

“गुरुवारी सामना आहे.”

“म्हणजे ठेवण्याइतका तो चांगला नाही, पण उद्या पळवण्याइतका चांगला आहे.”

“कॅलेब हुशार खेळाडू आहे. चेंडू त्याच्याइतका कुणाला कळत नाही. पण मोठ्यांच्या खेळात शरीर लागतं. ते त्याच्याकडे नाही. फुटबॉल असाच असतो, मिसेस ड्यूहर्स्ट.”

“गुरांचा बाजारपण असाच असतो. पण तिथं फाटकावर पाटी नसते.”

लोमॅक्सचा चेहरा बदलला. “नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्याला काही सांगितलंत, तर यापुढे तुमच्याकडे मुलगा ठेवता येणार नाही. मला तसं करायचं नाही. तुमचं घर आमच्याकडचं सर्वात चांगलं घर आहे.”

ग्लेनिसने पर्स उचलली. हे घर रिकामं झालं तर काय होतं, हे तिला ठाऊक होतं. रिकाम्या घरात रेडिओ दिवसभर लावून ठेवावा लागतो.

“होतं,” ती म्हणाली.

*

“पलंग तुझा नाही, बाळा.”

कॅलेब सॉसेज कापत होता. कापत राहिला.

“मग?”

“ब्रिस्टलच्या एका मुलाचा.”

“कधी येतोय?”

“जुलैत.”

त्याने तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. ग्लेनिस उभीच होती.

“किती उंच आहे?”

“सहा पाच.”

“मग पलंग बरोबर आहे,” कॅलेब म्हणाला.

बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं. त्याची चाकं फुटपाथवर लांबपर्यंत वाजत राहिली.

“तुम्हाला सांगायला बंदी आहे ना?”

“आहे.”

“मग तुम्हाला...”

“जेव.”

त्याने जेवण संपवलं. ताट धुतलं, ग्रेव्हीचं भांडंही धुतलं, जे तो कधी धूत नसे. दारात थांबून म्हणाला, “आईला मी सांगतो. तुम्ही नका सांगू.”

“उद्या खेळू नकोस. पोट दुखतंय म्हण. मीच फोन करते.”

“बाकीच्या दहा जणांनी काय केलंय, मिसेस डी?”

वर गेल्यावर बराच वेळ प्लास्टिकचा चरचर आवाज येत राहिला.

*

गुरुवारी ग्लेनिस तिकीट काढून सामन्याला गेली. फुटबॉल तिला कळत नाही, असं ती आजवर म्हणत आली होती. ज्याच्याबद्दल बोलायचं नाही ते कळत नाही म्हणणं सोपं. पण हे तिलाही दिसलं : धिप्पाड पोरं चेंडूच्या मागे धावत होती आणि तो छोटा, चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा होता. डावा पाय जपून टाकत. दुसरा गोल त्याच्या पासवर झाला. कॅल्डरशॉ अंतिम फेरीत गेलं.

शिट्टी वाजल्यावर लोमॅक्स मैदानात आला. फोटो काढणारे होते. त्याने कॅलेबच्या खांद्यावर हात टाकला.

“हात काढ त्याच्यावरचा!”

ग्लेनिस उभी राहिली होती. तिच्या पुढच्या रांगेतले वळून पाहू लागले.

“काय झालं आजी?” एकाने विचारलं. “जिंकलो की आपण!”

“तू जिंकलास,” ती म्हणाली. “हात काढ म्हणते ना! लोमॅक्स!”

एवढ्या गोंगाटात लोमॅक्सपर्यंत ते पोचलं नसावं. कॅलेबपर्यंत पोचलं. त्याने खांदा जरासा खाली केला आणि हात आपोआप घसरला.

*

शुक्रवारचं लोर्नाने सांगितलं. ती मुलाशेजारी बसली होती. कॅलेबने तिला आधीच सांगितलं होतं, तरी केक आणला होता, केलेला घरी ठेवून कसा यायचा म्हणून, तो मांडीवर. लोमॅक्स म्हणाला, हा निर्णय आमच्यासाठी फार कठीण होता, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत आमचं ठरत नव्हतं.

कॅलेब म्हणाला, “पलंग छान आहे सर. माझे पाय पुरत नाहीत, पण छान आहे.”

रोवेना पाइक उठून बाहेर गेली. लोमॅक्सने पुढचं वाक्य सुरू केलं, आणि ते त्याला सापडेना.

त्यांनी केक तिथे कापला नाही. ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात कापला. तिघांनी खाल्ला, जॅम जास्त झाला होता, आणि लोर्ना म्हणाली, “जॅम जास्त झाला,” आणि मग रडली. कॅलेबने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मोठ्या माणसासारखा.

संध्याकाळी दोन पिशव्या गाडीत ठेवल्यावर तो परत आत आला.

“मिसेस डी, फरशांच्या दुकानात तो डॉमिनिक असतो ना? पुढच्या वेळी त्याला बाहेर बोलवा. जोरात. कालच्यासारखं.”

*

क्लबने मुलं ठेवायच्या घरांच्या यादीतून ग्लेनिसचं नाव काढून टाकलं. मग पलंग न्यायला तेच दोघे आले. कठडा पुन्हा जागेवर बसला होता. शेजाऱ्याकडून तिने तो पक्का करून घेतला होता.

“बाई, हा काढावा लागेल.”

“हा निघणार नाही.”

“मग पलंग कसा काढू?”

“ते ज्यानं पाठवला त्याला विचारा.”

जाड्याने जिन्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जोडीदाराला म्हणाला, “चल रे. पोट मध्ये येतंय म्हणून सांगू.”

त्या दिवशी ती वरच्या खोलीत गेली. जाण्याआधी कॅलेबने चादर काढून घडी करून ठेवली होती, आणि गादीवरचं प्लास्टिक, त्याने पहिल्या दिवशी फाडलेलं, पुन्हा चारही कोपऱ्यांना ओढून चिकटपट्टीने बंद केलं होतं. गादीवर कुणी कधी झोपलंच नाही असं. फक्त पायथ्याची उशी आत राहिली होती, प्लास्टिकखाली.

ग्लेनिसने खालून कात्री आणली.

*

सात फुटांचा पलंग बनवायला क्लबने ख्रिसमसच्याही आधी, नोव्हेंबरात टाकला होता.