मिठात सुकवलेला आवाज

प्रिसिलामावशींनी पिशवीतून एसएसडी, म्हणजे फायली साठवायची छोटी ड्राइव्ह काढली, तर तिच्याबरोबर मूठभर जाडं मीठ माझ्या टेबलावर सांडलं. आगाशीच्या बाजारात बारा वर्षं मी बिघडलेली यंत्रं उघडते आहे. आत मुंग्या पाहिल्या, झुरळं पाहिली, एकदा पाल पाहिली. मीठ पहिल्यांदाच.

"मावशी, हे कोणी केलं?"

"मीच."

अर्नाळ्याच्या बेटावर त्यांचं घर. होडीतून उतरताना पिशवी समुद्रात पडली. शेजारीण म्हणाली, तांदळात ठेव. पण चाळीस वर्षं मासळी सुकवलेल्या बाईला ते कसं पटावं? "तांदूळ काय पानी खेचनार? पानी मीठ खेचते," त्या मला समजावून सांगत होत्या. आठ दिवस ड्राइव्ह मिठाच्या बरणीत होती.

मी कपाळाला हात लावला. चांगली झापणार होते, पण त्यांच्या बाजूला त्यांचा नवरा, सेबेस्टियनकाका, बसले होते. तीस वर्षं लग्नाकार्यांत गाणारा हा माणूस. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मुलीने, मेलिसाने, त्यांचं होतं नव्हतं ते सगळं रेकॉर्डिंग या ड्राइव्हवर भरलं आणि फोन रिकामा केला. आता काकांचा आवाज फक्त इथेच होता. मला रागावता येईना.

ड्राइव्ह उघडून आतला बोर्ड धुतला, ब्रशने घासला. माहिती साठवणाऱ्या चिपा धडधाकट दिसत होत्या. पण वीज दिली की कुठेतरी शॉर्ट होत होतं. कुठे, ते सापडेना. मोहरीएवढे पन्नास-साठ भाग, त्यातला एकच खराब. अशा वेळी आम्ही बोर्डावर स्पिरिट लावून थोडी वीज सोडतो. खराब भाग तापतो आणि त्याच्यावरचं स्पिरिट सगळ्यांच्या आधी उडतं. मी दोनदा करून पाहिलं. मला सगळं एकदमच उडाल्यासारखं दिसलं.

"काय बघते गो?" मावशींनी विचारलं.

"आधी कुठे सुकतं ते."

"मग सरक तिकडे."

त्या माझ्या खुर्चीत बसल्या. भिंग नको म्हणाल्या. मी पुन्हा स्पिरिट लावलं, वीज सोडली. तीन सेकंदांत त्यांनी करंगळी रोखली. "ह्यो. कोपऱ्यातला."

मीटर लावून पाहिलं. तोच होता. भिंतीवर टांगलेल्या माझ्या डिप्लोमाकडे बघायची मला लाज वाटली, आणि हसूही आलं.

तो भाग मी काढून टाकला. त्याच्यावाचून ड्राइव्हचं काही अडत नव्हतं. स्क्रीनवर एकेक फोल्डर उमटायला लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मावशींचा खांदाच दाबला. आधी सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. मग पहिली फाइल लावली.

गाणं नव्हतंच ते. घरातला गलका, भांड्यांचा आवाज, आणि मग एक भरदार, वैतागलेला गळा: "प्रिसिला, पानी आन गो. कवापासून सांगतो."

"आनते," मावशी म्हणाल्या आणि उठल्याही. टेबलावरची माझी बाटली उचलून त्यांनी काकांपुढे धरली. धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

काकांनी बाटली घेतली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.