नऊ-नऊवर अडकलेला गेम

तुम्ही लोकांना उल्लू बनवता! खोक्यावर हसऱ्या पोरीचा फोटो छापता आणि आत कॉम्प्युटरला जोडायची साधी केबल टाकत नाही.

हेडसेटवाल्या कंपनीला विश्वनाथराव तीन दिवस मनातल्या मनात असं सुनावत होते. नागपूरच्या लकडगंजात तीस वर्षं कूलर दुरुस्त केलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? डोळ्यांवर चढवायचा हा हेडसेट मुळात गेमच्या कन्सोलचा. मेलबर्नला जाताना मुलीनं, नंदिनीनं, कन्सोल विकला, हा राहिला. विश्वनाथरावांनी यूट्यूब बघून गेमिंग कॉम्प्युटर जोडला, ॲडॉप्टर मागवला, त्याच्या खोक्यात केबल नव्हती म्हणून ती वेगळी आणली.

हा सगळा खटाटोप एका गेमसाठी. तीन वर्षांपूर्वी क्लबात बापलेकीचा टेबल टेनिसचा शेवटचा गेम नऊ-नऊवर होता आणि लाइट गेली. दुसऱ्या दिवशी नंदिनीचं विमान.

आज रविवार, सकाळचे नऊ. साडेदहाला नंदिनीची ड्यूटी. पुढचे सगळे रविवार तिची दिवसपाळी; आज हुकलं तर थेट दिवाळीत.

हेडसेटमध्ये हिरवं टेबल दिसलं, पलीकडे, मेलबर्नहून तिच्या हेडसेटवरून खेळणाऱ्या नंदिनीची बॅट. पण विश्वनाथरावांची बॅट जागीच थिजलेली.

"बाबा, हात हलवा न!"

"हलवूनच राहिलो वं! खांदा उतरला माझा."

कंपनीच्या चॅटवर उत्तर आलं: हातात धरायचे कंट्रोलर खराब आहेत, नवे घ्या.

"यायच्या कंपनीले आग लागो," विश्वनाथराव गरजले.

त्यांची बायको, प्रेमिलाबाई, हसल्या. "आग नंतर लावा. कूलरमधलं पाणी संपलं, सरका." आणि त्यांनी कूलरचं धूड खर्रकन बाजूला ओढलं.

"बाबा, हात हलला!" नंदिनी ओरडली.

विश्वनाथरावांनी हेडसेट कपाळावर सरकवला. मेच्या उन्हात तापू नये म्हणून कॉम्प्युटर त्यांनीच कूलरच्या मागे दडपला होता. कंट्रोलरशी बोलणारं ब्लूटूथचं बोटभर डोंगल कॉम्प्युटरच्या पाठीला. मधे कूलरचा लोखंडी पत्रा. सिग्नल येणार कुठून?

"तीस वर्षं कूलर उघडले," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "अन् अडले कशापाशी, कूलरपाशीच."

यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरीला डोंगल लावून विश्वनाथरावांनी ते प्रेमिलाबाईंच्या हातात दिलं. "वर धर. अजून वर."

"अहो, गच्चीवर अँटिना फिरवाची तेव्हाही मीच होती! लवकर आटपा, वरण उतू जाईन."

आधी दोघांनी एकमेकांना नऊ-नऊ पॉइंट फुकट वाटले. मग खरा खेळ. दहा-नऊ, नंदिनी पुढे. दहा-दहा. अकरा-दहा, बाबा पुढे. नंदिनीचा चेंडू उंच आला आणि विश्वनाथरावांनी सगळी तीन वर्षं त्या स्मॅशमध्ये ओतली. ठण्ण! मूठ कूलरच्या पत्र्यावर, चेंडू टेबलापार.

"हारली मी!" नंदिनी खिदळली. "पण बाबा, ठण्ण काय वाजलं?"

"तुह्या बापाचा विजय," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि वरणाकडे पळाल्या.

सुजलेल्या बोटांनी विश्वनाथरावांनी कंपनीला लिहिलं: 'तुमचे कंट्रोलर ठणठणीत आहेत. मग न तपासता नवे घ्यायला का सांगितलं? केबल खोक्यात का नव्हती? आणि माहितीपुस्तकात सोफा, आरसा, खिडकी, कशापासून दूर राहायचं ते सगळं लिहिलं, मग कूलर काहून नाही? नागपुरात माणसं राहत नाहीत का? उत्तर द्या.'