हलका हात

वलांडीवर, बांबूच्या मांडणीवर, वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करून पुष्पलतेने हात धुतले, लिंबाची फोड बोटांवर चोळली आणि दारातूनच हाक मारली, "दीपे, चल गो! रिक्षावाला काय आपला जावय हाय आपल्यासाटी थांबाला?"

समोरच्या घरातून दीपा धावतच आली. केसांत अबोलीचा गजरा, मनगट भरून हिरव्या बांगड्या आणि तोंडात अर्धी भाकरी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मागून तिची सासू नर्मदा ओरडत होती, "गानी गाऊन पोट भरनार हाय का तुजा?" पण ओरडण्यात राग नव्हता. सून शाळेत जाऊन मुलांना गाणं शिकवते, हे नर्मदा सगळ्या मांगेलआळीला सांगून चुकली होती.

तारापूरजवळच्या खाडीकाठी ही मांगेलआळी, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांची वस्ती. तिथून शेअर रिक्षाने बोईसर आणि पुढे सालवडची शाळा. मे महिन्यात शाळा रिकामी. पालघरच्या संगीतशिक्षिका स्नेहा मॅडम यांनी तिथे मुलांसाठी लोकसंगीताचं शिबिर भरवलं होतं. कारखान्यातल्या कामगारांची मुलं यायची. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी गुजराती, पण आठवड्याभरात सगळी मांगेली हळदीची गाणी म्हणायला लागली होती. जव्हारकडच्या डोंगरातून आलेला दादू त्यांना तारपा शिकवायचा. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य फुंकताना मुलांचे गाल दुखायचे आणि दादू पोट धरून हसायचा.

हळदीची गाणी शिकवायची पुष्पलता. म्हणजे शिबिराच्या पत्रकावर तिचं नाव होतं. वर्गात मुलांसमोर बसायची ती दीपा. पुष्पलता शेजारच्या सामानाच्या खोलीत, दाराआड, मोडक्या बाकावर बसायची. तिथून ओळ सांगायची, दीपा ती उचलायची आणि मुलं दीपाच्या मागे म्हणायची.

पहिल्या दिवशी स्नेहा मॅडम चक्रावल्या. "काकी, आत काय बसलात? पुढे या ना."

"मी हतंच बरी," पुष्पलता म्हणाली. "सवय हाय मना."

सवय खरीच होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची होडी परतली नाही, तेव्हापासूनची. आळीत हळदीची सगळी गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकट्या पुष्पलतेला येत. पण विधवेचं तोंड हळदीला दिसायचं नाही. मग आळीने तोड काढली. पुष्पलतेला मागच्या दारी, चुलीपाशी बसवायचं. तिने आतून ओळ सांगायची आणि मांडवात सवाष्णींनी ती म्हणायची. तिचा आवाज सगळ्यांना हवा होता, तिचं कपाळ तेवढं नको होतं. स्वतःच्या लेकीची, हेतलची हळद तिने अशीच चुलीच्या धुरात बसून गायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाकडं ओली आहेत, असं ती विचारणाऱ्यांना सांगत होती. हेतलच्या अंगाला हळद लावणारा प्रत्येक हात तिने आवाजावरून ओळखला. तिचा एकटीचाच त्यात नव्हता.

आणि याचं पुष्पलतेला फारसं दुःखही उरलं नव्हतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. माणूस कशालाही सरावतो आणि सरावला की जग त्याला समजूतदार म्हणतं.

स्नेहा मॅडम मात्र खवळल्या. समारोपाला काकींना रंगमंचावर मधोमध बसवायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या अध्यक्षांच्या पत्नी ज्ञानेश्वरीताई आल्या. त्यांची मुलगी दिशा शिबिरात होती. बाई पदवीधर, बोलणं अगदी मऊ.

"माझा कशावरही विश्वास नाही हं," त्या म्हणाल्या. "पण हळदीचं गाणं, आणि समोर सगळ्या लग्नाच्या वयाला येणाऱ्या मुली. पालकांच्या मनात कशाला शंका आणा? आवाज त्यांचाच राहू दे की. पडदा लावा, मागे माईक द्या."

हॉल अध्यक्षांचा, वीज अध्यक्षांची. स्नेहा मॅडमनी रात्रभर विचार केला आणि सकाळी पुष्पलतेला सांगितलं, "काकी, सिनेमात कसं असतं, गायिका दिसत नाही, तरी नाव तिचंच. पार्श्वगायन म्हणतात त्याला."

"चालल," पुष्पलता म्हणाली. स्नेहा मॅडमना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मांगेलआळीत चूल होती, शाळेत पडदा. शिकलेल्यांनी त्याला छान नाव तेवढं दिलं होतं.

दुपारी डबे उघडल्यावर दादूला हे कळलं. तो भाकरीचा घास हातात तसाच धरून म्हणाला, "आमचे डोंगरात बायचा दादला मेला तं ती दुसरा घर करते. तीच पोरा, तीच नाच, तीच गानी. तुमी शेरातली लोका मेलेल्याला जाळता आन् जितीला रोज जाळता."

"आमी कुटची शेरातली? आमी दर्याची," पुष्पलता हसली.

दीपा हसली नाही. "काकी, समारोपाला मी तुमाला वढून पुडं आननार. पडदा फाडीन मी."

"फाड. मंग तुजी सासू तुला फाडल."

तेव्हा दोघी खूप हसल्या. पण रिक्षात परतताना दीपाने तिचा हात घट्ट धरला होता आणि पुष्पलतेच्या मनात पहिल्यांदाच आलं, खरंच बसावं काय पुढे? या पोरीच्या बाजूला? नुसतं एकदा?

दीपाचा नवरा धीरज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. त्या आठवड्यात त्याला टाकी साफ करायला उतरवलं. टाकीत वायू साचला होता. त्याला काढायला उतरलेला दुसरा माणूस कसाबसा वाचला, धीरज वाचला नाही. पोराला शिट्टीत दीपाची गाणी वाजवता यायची. सत्ताविसाव्या वर्षी तो पांढऱ्या कापडात आळीत आला. दीपा रडली नाही, बोललीही नाही. गळ्यातून आवाज फुटेचना. शिबिराचा समारोप पुढे ढकलला गेला.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी नर्मदा पुष्पलतेच्या दारात येऊन बसली. मुलगा गेल्यापासून ती अर्धी झाली होती.

"उद्या ये गो," ती म्हणाली. "तूच ये. तुजा हात हलका हाय."

पुष्पलतेचं नाव आळीत दोन गोष्टींसाठी निघे. एक हळदीची गाणी आणि दुसरी ही. नव्या विधवेच्या बांगड्या जुन्या विधवेने फोडायच्या, खाडीवरच्या काळ्या दगडावर, दहाव्याच्या दिवशी. पुष्पलतेच्या स्वतःच्या बांगड्या ज्या म्हातारीने फोडल्या, तिने मनगट धरून सरळ दगडावर आपटलं होतं. त्याचा वण अजून होता. मग जेव्हा दुसऱ्यांच्या फोडायची पाळी तिच्यावर आली, तेव्हा पुष्पलतेने रीत बदलली. ओलं फडकं मनगटाभोवती गुंडाळायचं, एकेक बांगडी सोडवून घ्यायची, छोट्या खड्याने हलकेच टिचकी मारायची. काच आत शिरत नसे, रक्त येत नसे. कपाळावरचं कुंकूही ती खोबरेल लावून पुसायची, खरवडायची नाही. बायका म्हणत, पुष्पीचा हात म्हणजे आईचा हात. तिलाही वाटे, आपण या जिवांचं दुःख तेवढं कमी करतो.

त्या रात्री तिने फडकं धुऊन वाळत घातलं.

सकाळी खाडीवर ओहोटी होती. आळीतल्या बायका अर्धगोल करून उभ्या राहिल्या. स्नेहा मॅडमही आल्या होत्या. "नर्मदाकाकी, असलं काही करायचं नाही असा तुमच्या पंचायतीचा ठराव झालाय," त्या म्हणाल्या.

"ठराव पंचायतीत झाला," एक बाई मागून म्हणाली. "मानूस आमच्या घरातला गेला." स्नेहा मॅडम मागे सरल्या. पडद्याला हो म्हटलेल्या बाईला इथे आवाज चढवायला तोंड नव्हतं.

दीपाला दगडापाशी बसवलं. पुष्पलता तिच्यासमोर बसली. तिने फडकं भिजवलं, पिळलं, खडा हातात घेतला. आणि दीपाने, कुणी न सांगता, दोन्ही हात पुढे केले. दहा दिवसांत तिच्या तोंडून पहिल्यांदा शब्द आले, तेही नुसत्या श्वासात.

"करा काकी. तुमचा हात हलका हाय म्हनतात."

पुष्पलतेचे हात जागीच थांबले.

आजवर सगळ्या पोरी ओढाओढ करत, किंचाळत आल्या होत्या. ही स्वतः हात देत होती, कारण समोर काकी होती. काकी दुखवणार नाही, म्हणून. पुष्पलतेला एकाएकी त्या साऱ्या मनगटांची आठवण झाली. सुमनचं, वनिताचं, त्या गोऱ्या पोरीचं जिचं पुढे डोकंच फिरलं. रक्त आलं नाही, म्हणून आळीत कुणालाच कधी काही दिसलं नाही. बायका बघून, डोळे पुसून, घरी जाऊन भात टाकत होत्या. जखम तिनेच फडक्याखाली झाकून ठेवली होती.

तिने हातातला खडा पाण्यात टाकला.

"मना नाय कराचा," ती म्हणाली. "आज नाय, आन् आता कुनाचाच नाय."

बायकांत कुजबुज झाली. नर्मदा पुढे आली. "पुष्पे, माज्या पोराला वर जागा मिलाची नाय! तुला काय झाला?"

"मंग तू फोड. तुजी सून हाय."

"मी सवाशीन..."

"सवाशीन हायस म्हनून हात जड होतो काय? फोड."

पोटचा पोर गेलेल्या बाईला कुठलं भान असणार? नर्मदेने दीपाचा डावा हात धरला आणि दगडावर आपटला. एकदा, दोनदा. काचा फुटल्या आणि आत शिरल्या. दीपा किंचाळली. दहा दिवस अडकलेला आवाज असा बाहेर आला, की खाडीपलीकडे जाळं विणणारे गडी उठून उभे राहिले. काळ्या दगडावरून रक्त ओघळलं, नर्मदेच्या हिरव्या चुड्यावरही उडालं.

नर्मदेने आपल्या हातांकडे पाहिलं. मग सुनेच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून पुढेच होता. तिला तो धरवेना.

"कुनीतरी करा गो," ती म्हणाली. "एक हात झाला, एक राहिला. असा अर्धा कसा ठेवाचा?" तिने एकेकीकडे पाहिलं. सुमनने पदर तोंडात कोंबला. वनिता चिखलाकडे बघत राहिली. रीत सोडा असं त्यांतली एकही म्हणाली नव्हती, आणि तो हात धरायलाही एकही पुढे झाली नाही.

पुष्पलतेने तेच ओलं फडकं दीपाच्या फाटलेल्या मनगटाला बांधलं आणि तिला उठवून घरी नेलं. उजव्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

पुढे ढकललेला समारोप दुसऱ्याच दिवशी होता. रंगमंचावर पडदा लागलेला होता, मागे माईक होता. पुष्पलता आली ती दीपाला घेऊन. तिने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन खुर्च्या उचलून पुढे मांडल्या, एकीवर दीपाला बसवलं, दुसरीवर स्वतः बसली. स्नेहा मॅडमनी धावत जाऊन मागचा माईक काढला आणि तिच्यासमोर आणून ठेवला. दोन विधवांची कपाळं सगळ्या हॉलला दिसत होती.

ज्ञानेश्वरीताई उठल्या. रंगमंचावर येऊन त्यांनी दिशाचा हात धरला आणि एक शब्द न बोलता तिला घेऊन गेल्या. मागोमाग आणखी काही आया उठल्या. मुलांची रांग विस्कटली. तेवढ्यात सालवडच्या चाळीतली एक बाई कडेवर तान्हं घेऊन पुढे आली आणि आपल्या घाबरलेल्या लेकीला म्हणाली, "बैठ जा. गाना पूरा कर."

दादूने तारप्यात वारा भरला. पुष्पलतेने ओळ सांगितली, जन्मभर आतून सांगितली तशीच.

*"कोनाच्या घरची गो हलद आली,
मायच्या हातानं लेकीला लागली."*

दीपाने ती ओळ उचलायची होती. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुष्पलतेने पुन्हा सांगितली. दीपाचे ओठ हलले, गळा हलला, पण सूर काही येईना. तो त्या काळ्या दगडावर किंचाळून संपला होता, की कधीतरी परत येणार होता, कुणालाच माहीत नव्हतं. उरलेल्या मुलांनी मग ओळ उचलली आणि दीपा नुसता उजवा हात मांडीवर आपटून ताल धरू लागली. त्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

हॉलच्या शेवटच्या रांगेत नर्मदा येऊन बसली होती, हे पुष्पलतेला गाणं संपल्यावर दिसलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पदराखाली हात घेऊन आपला चुडा चाचपत बसली होती.

पुष्पलता तिच्यापाशी गेली. "नर्मदे, उद्या मी सुमनकडं जानार हाय, मंग वनिताकडं. ज्यांच्या ज्यांच्या मी फोडल्या, त्या सगल्यांकडं. हात जोडाला. तू येशील?"

नर्मदेने चुड्यावरचा हात काढून घेतला. मग विचारलं, "तिच्या मनगटाला टाका घालावा लागल काय गो?"

"लागल."

"मंग आदी डाक्टरकडं जाऊ," नर्मदा म्हणाली आणि उठली.

खाडीवरचा तो दगड अजून तिथेच आहे. असे दगड पुष्कळ गावांत आहेत आणि त्यांवर कुणी मनगट ठेवत नाही तोवर ते निरुपद्रवी असतात. पण आपल्यातल्या किती जणी त्या अर्धगोलात उभ्या राहिल्या होत्या, आणि डोळे पुसून घरी जाऊन किती जणींनी भात टाकला, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.