दुखवट्यातली पेटी

भोरहून हिर्डोशीला येणाऱ्या एसटीत मी मोबाईलवर सिनेमा पाहिला आणि भर गाडीत ओक्साबोक्शी रडले. कंडक्टरनं विचारलं, "ताई, घरचं कुणी गेलं का?" काय सांगणार? सिनेमातला पियानोवाला गेला, म्हणून?

तसा सिनेमा काही धड नव्हता. सगळा अंधार, धूर आणि तो खिन्न माणूस. भाऊ वारल्यावर त्यानं पियानोला कुलूप घातलं. लोकांनी समजावलं, बायको सोडून गेली, तरी हा ढिम्म. म्हातारपणी कुलूप काढलं, तर सूरच निघेना. मला दया नाही, संताप आला. अरे मेल्या, वाजवायचं होतंस की!

रडू मात्र माझ्याच घरासाठी होतं. माझे वडील सोनबा गावच्या भजनाचे पेटीवाले. दिवाळीनंतर ते गेले आणि त्यांची पेटी फडक्यात बांधून माळ्यावर गेली. वर्षश्राद्धापर्यंत घरात वाद्य वाजवायचं नाही, अशी आमच्यात रीत. मला पेटी त्यांनीच शिकवली, पण घरापुरती. देवळात बायकांनी नुसतं ऐकायचं.

घरी पोचले, पर्स फेकली आणि पेटी खाली काढून ओट्यावर उघडली. भात्याची कड उंदरांनी कुरतडायला घेतली होती. भाता हलवला. नुसती हवा. पुन्हा हलवला. सूर निघाला, जरा घोगरा, पण वडिलांच्या पेटीचाच. मी त्यांचा आवडता अभंग मुद्दाम मोठ्यानं वाजवायला लागले.

चुलते ज्ञानूतात्या अनवाणीच धावत आले. "शेफाले, बंद कर! बा जाऊन वरीस न्हाई झालं. लोकं त्वांडात शेण घालत्याल!"

"घालू द्या, तात्या. म्या न्हाई थांबणार."

"वैनी, तुमी तरी सांगा हिला!"

आई दारात उभी होती. दुखवटा सगळ्यात कडक तिनंच पाळलेला. घरात गोडधोड शिजू दिलं नव्हतं. आता ही 'बंद कर' म्हणाली, तर मी काय करणार होते, मलाच ठाऊक नव्हतं.

आईनं कुरतडलेल्या भात्यावरून हात फिरवला.

"भावजी, मालक गेलं. पेटी न्हाई गेली," ती म्हणाली. "आन एकादशीला देवळात पेटीवाला न्हाई म्हनून रडत व्हता न्हवं तुमी? ही येती वाजवायला."