अर्ध्या हॉर्सपॉवरची भेट

मी एक जुनी पॉलिशची मोटर आहे आणि मित्रांनो, माणसांवर माझा राग आहे. तो लपवून गोड बोलायचं माझं वय राहिलेलं नाही.

बिडाचं अंग, पोटात तांब्याची तार आणि दोन्ही बाजूंना निमुळत्या दांड्या, असा माझा अवतार. दांड्यांवर कापडाची चाकं चढवायची, त्यांना पॉलिशची वडी लावायची आणि काळवंडलेली चांदी समोर धरायची. एका मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे. हळू फिरणं मला ठाऊक नाही.

माझा पहिला मालक सोनार. अबोल, तिरसट, अगदी माझ्यासारखा. बावीस वर्षं त्याने माझ्यापुढे बांगड्या धरल्या, त्याही नेहमी चाकाच्या खालच्या अंगाला, म्हणजे निसटली तर खाली पडेल, तोंडावर येणार नाही. साखळी मात्र त्याने एकदाही माझ्याजवळ आणली नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "एवढी मोटर असताना साखळी हाताने का घासता?" तो म्हणाला, "बोटं दहाच आहेत म्हणून." माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

त्याची नजर गेली, दुकान मोडलं, आणि मी जुन्या हत्यारांच्या दुकानात खालच्या फळीवर जाऊन पडले. चार वर्षं लोकांनी माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले.

मग एक दिवस दोघं बहीण-भाऊ आले. बहीण दवाखान्यात मलमपट्टी करणारी. संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर चांदीचे दागिने घडवायचा तिला छंद. भाऊ जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा. जगातली प्रत्येक अडचण हॉर्सपॉवरने सुटते, अशी त्याची पक्की समजूत.

बहिणीने माझ्या शेजारच्या लहान मशीनकडे बोट दाखवलं. त्याला वेग कमी-जास्त करायचं बटण होतं, मागे धूळ अडवणारी पेटी होती. "दादा, मला हेच बरं वाटतंय. माझं टेबल केवढं, माझ्या वस्तू केवढ्या."

"ते खेळणं आहे गं, बारके. मोटरीतलं तुला काय कळतं? ही बघ, अर्धा हॉर्सपॉवर. असं बीड आता मिळत नाही."

"मला चांदी घासायची आहे, विहीर नाही उपसायची."

दुकानदार म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे. आणि साखळी कुठल्याच चाकावर धरू नका, ओढून घेतं." दादाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा पावती फाडायला वळला. वाढदिवसाची भेट होती म्हणे. भेट ज्याला द्यायची त्याला विचारायचं नसतं, असा बहुधा त्यांच्या घरचा कायदा असावा.

घरी माझ्या धडधडीने टेबल थरथरायचं. डाळीच्या दाण्याएवढी कर्णफुलं तिच्या चिमटीतून मी हिसकावली आणि कपाटामागे भिरकावली. एक नाही, तीन. "तू धरतेस चुकीचं," दादा फोनवर म्हणाला. तिने माझ्यावर जुनी चादर टाकली. मीही तिचा मनापासून राग केला.

चादरीच्या भोकातून मला दिसायचं, ती एक साखळी करत होती. एकेक कडी वळायची, झाळून जोडायची. साडेतीन महिने. रविवारी तिच्या छंदवर्गाचं प्रदर्शन होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची वस्तू काचेच्या कपाटात बसणार होती. उरलं होतं फक्त पॉलिश, आणि ते ती ब्रशने करणार होती.

शनिवारी दादा आला. ती आत चहा टाकायला गेली. त्याने काळपट साखळी पाहिली, शेजारचा ब्रश पाहिला. "एवढी मोटर घेऊन दिली आणि ही बया ब्रशने घासणार," असं पुटपुटत त्याने चादर ओढली आणि बटण दाबलं. मित्रांनो, मला थांबायचं होतं. पण माझं थांबणं त्याच्या हातात होतं. साखळी चाकाला लागली मात्र, डोळ्याचं पातं लवायच्या आत दांडीभोवती गुंडाळली गेली. एका टोकाने त्याचं बोट सोललं. कड्या घरभर उडाल्या.

ती धावत आली. मला बंद केलं आणि आधी त्याचं बोट बांधलं, त्याच्याकडे न बघता.

"मोटरच भंगार निघाली," तो म्हणाला.

"मोटरीला बोलू नकोस. ती आहे तशी वागली. तू मला विचारलंस का?"

"तुझ्यासाठीच करत होतो ना?"

"लहानपणापासून सगळं माझ्यासाठीच करतोस, दादा. मलाच बाजूला ठेवून."

तो कड्या वेचायला वाकला. "राहू दे," ती म्हणाली. "ही मोटर घे आणि जा."

आता मी त्याच्या कारखान्यात गंजलेले सुटे भाग घासते. रविवारी तो प्रदर्शनाला गेला होता. कपाटात तिच्या नावाची चिठ्ठी होती, पुढे जागा रिकामी. हे त्याने मलाच सांगितलं, कारण तेव्हा कारखान्यात दुसरं कोणी नव्हतं. मला त्याची दया आली नाही.

मित्रांनो, मशीन घ्याल तेव्हा त्याचं बळ नंतर बघा. आधी काम बघा आणि ज्याचे हात मशीनपुढे येणार आहेत त्याचं ऐका. एवढं जमणार नसेल, तर निदान स्वतःच्या चुकीसाठी आम्हाला भंगार म्हणू नका.

ती दादाशी अजून बोलत नाही. परवा त्याने मला बंद केलं आणि माझ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "तिला आता कुठलं मशीन घेऊन देऊ?"

अरे, मला काय विचारतोस? तिला विचार.