उणे साडेनऊ

हेमराज सरांना या संशोधनातून मिळणार होतं ते असं: रीडरची बढती, कूलर लावलेली स्वतंत्र खोली, हैदराबादच्या परिषदेत पंधरा मिनिटं, आणि ‘गोळ्यावाले मास्तर’ म्हणून चिडवणाऱ्या साळ्याचं तोंड बंद. त्यांची विद्यार्थिनी दिपाली हिला मिळणार होती एम. फार्म.ची पदवी, आणि ती मे महिन्यात पदरी पडली, तर सरांच्याच कॉलेजात जूनपासून लेक्चररची नोकरी. कष्ट अर्थात दिपालीचे. सरांना कॉम्प्युटर चालू करता यायचा. बंद करायला ते शिपायाला बोलावत.

हे २००६ सालचं, वर्ध्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजातलं. झोप न येणाऱ्यांसाठी वनौषधींतली एकतीस रसायनं निवडायची, आणि मेंदूतल्या झोपेच्या प्रथिनाला त्यातलं कोणतं किती घट्ट चिकटतं ते कॉम्प्युटरवर तपासायचं, असं काम. एकतिसावं रसायन दिपालीनं सुचवलं होतं. कारंजाकडची जयवंताबाई नावाची गोंड बाई रानातली एक मुळी दुधात उकळून देई. दिपालीच्या आजीला त्या दुधानंच झोप लागली होती. त्या मुळीतलं हे रसायन.

सर एकदा जयवंताबाईच्या सारवलेल्या अंगणात गेले, बुटांसकट. फोटो काढला, चहा प्यायले, आणि आईच्या वयाच्या बाईला म्हणाले, “आता कॉम्प्युटर सांगते, तुह्या मुळीत दम आहे का नाई ते.”

“मले त मालूम आहे,” जयवंताबाई म्हणाली. “साहेब, तुमाले झोप नाई येत का?”

लोडशेडिंग सांभाळत दिपालीनं चार महिन्यांत काम उरकलं. प्रत्येक रसायनाला आकडा मिळाला, सगळे उणे. यात आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी पकड घट्ट. जयवंताबाईच्या मुळीला मिळाले उणे साडेनऊ, सर्वांत खाली. म्हणून दिपालीनं तिला पहिला नंबर दिला.

सरांची हयात निकाल लावण्यात गेलेली.

“अवं, उणे चार मोठं का उणे साडेनऊ?”

“सर, याच्यात उलटं असते.”

“मेरिट लिस्ट कधी उलटी पाह्यली काय? बारावीले किती होते तुले?”

“ब्याऐंशी टक्के, सर.”

“आन् मले शिकवून राह्यली!”

त्यांनी लाल शाईनं बाण काढून यादी उलटी केली आणि खाली सही ठोकली. मास्तरची खोड, चूकसुद्धा सहीशिवाय करायची नाही.

हैदराबादला सरांनी तीच यादी वाचली; पुढचा कार्यक्रम जेवणाचा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. परत आल्यावर सरांनी पेपरात बातमी छापून आणली: ‘गावठी मुळी कॉम्प्युटरच्या परीक्षेत नापास’. सोबत जयवंताबाईचा फोटो.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता पाहिला. “ही यादी डोक्यावर का उभी आहे?”

“पोरीनं लावली, साहेब,” सरांनी दमसुद्धा घेतला नाही. “मी सांगतच होतो.”

दिपालीनं पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. लाल बाण, लाल सही. 

मग सर अगदी गोड आवाजात म्हणाले, “साहेब, पुढल्या महिन्यात तुमचे दोन विद्यार्थी माझ्याकडेच आहेत ना परीक्षेला?”

परीक्षकांनी कागदाची घडी घातली. “आकडे चांगले आहेत, बेटा. यादी सुधारून सहा महिन्यांनी पुन्हा सादर कर.”

“सर, माझा कागद?”

“राहू दे माझ्याकडे.” घडी त्यांच्या खिशात गेली.

आता हिशेब. सर रीडर झाले. हैदराबादचा निबंध बढतीसाठी मोजला गेला, वाचला कुणीच नाही. परीक्षकांचे दोन्ही विद्यार्थी पास. जूनची नोकरी साळ्याच्या बायकोला मिळाली, म्हणजे साळ्याचंही तोंड बंद. भरलं दिपालीनं: सहा महिने, एक नोकरी, आणि डोळ्याला डोळा लागेना. शेवटी ती कारंजाला गेली. पेपर वाचणारी गिऱ्हाईकं तुटलेली, तरी जयवंताबाईनं मुळी उकळून दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे उरलेलं तिनं भरलं.