शकुबाईचं पाणी मी अडवलं

मी पाणीपाळी काढणारा प्रोग्राम बोलतोय. सणसरला कालव्याच्या एका चारीवरचा. जुना हाय, तिरसट हाय, आन आता गुन्हेगारबी हाय.

सर्जेरावांनी मला सी भाषेत लिवलं आन कंपाईल करून थेट यंत्राच्या बोलीत उतरवलं. भाजलेलं मडकं पुन्हा वळत न्हाय, तसा मी. आकडे घ्यायचे, आकडे द्यायचे. चारीला गळती किती, कुणाच्या आधी कुणी भिजवायचं, हजार फेऱ्या मारून पाळी डोळ्याचं पातं लवायच्या आत काढायची. एवढंच माझं शिक्षण.

यंदा सर्जेरावांच्या नातीनं, माधवीनं, मला पायथन नावाच्या दुसऱ्या एका भाषेशी जोडलं. तो दुसऱ्याच वळणाचा गडी. माणसानं एक ओळ टाईप केली की तिथल्या तिथं वाचून जबाब देतो. चुकलं तर अमुक ओळीत चुकलं म्हणून सांगतो. हिशेबाला मात्र बैलगाडी. म्हणून बोलणं त्याचं, कष्ट माझे. ऱ्हायला एकाच घरात, म्हंजी मी पडलो की तोबी पडणार. पोरीला हे ठाऊक होतं. तरी तिनं माझ्यावर भरोसा ठेवला.

त्याच हंगामात शकुबाई चारीच्या पाणी संस्थेची सभासद झाली. भावांकडनं वाटणी घेऊन टोमॅटो लावलेली बाई. सेक्रेटरी दादासोनं तिचं नाव सगळ्यांच्या शेवटी घातलं, आन पायथन मेला. पडद्यावरली त्याची खिडकीच मिटली. काय चुकलं हे सांगायलाबी उरला न्हाय. दादासोनं तिचं नाव काढलं. पाळी निघाली.

"बाईचं नाव घातलं की मशीन मरतंय," असं तो गावभर सांगत सुटला. ती पाळी शकुबाईवाचून गेली.

खरं काय ते मला ठाऊक. सर्जेरावांनी माझ्यात चाळीस माणसांपुरतीच जागा ठेवलेली. शकुबाई एकेचाळिसावी. पायथननं जागा न्हाय म्हणून तोंडावर सांगितलं असतं. मी तपासतच न्हाय. मी तिचा आकडा बांधाच्या पल्याड, पायथनच्या रानात लिवला, म्हणून तो मेला. बांध कोरणाऱ्याला गाव शिव्या देतं. कोरला मी, शिव्या तिनं खाल्ल्या. ती घागरीनं रोपं जगवत होती, आन मला तोंड न्हाय.

पुढच्या पाळीला ती सभेत येऊन बसली. अध्यक्ष महिपतीआबा म्हणाले, "शकुबाई, मशीनलाच तू नको हायस. आमी काय करावं?"

"माझ्या भावांनी मशीनला चहा पाजला का बघा."

लोक हसले. मशीनपाशी बसलेली माधवी हसली न्हाय. "आबा, तुमचं नाव काढून बघू का?"

"माझं? आगं, मी अध्यक्ष हाय."

"नुसतं बघायला."

तिनं एक ओळ टाईप केली. आबा गेले, शकुबाई राहिली. पाळी निघाली.

"म्हंजी आता मशीनला मी नको?"

"तसं न्हाय, आबा. एकेचाळीस झाले की मरतंय, मग कुणीबी असू दे. तात्या, तुमी जागा किती ठेवली होती?"

सर्जेराव टोपी काढून डोकं खाजवत बसले. "चाळीस. तवा चारीवर तेवढीबी न्हवती. लेकी वाटणी मागतील, हे कुणाच्या ध्यानात हुतं?"

त्यांच्या पेनड्राइव्हवर माझं मूळ लिखाण निघालं. माधवीनं जागा वाढवली, आधी माणसं मोजायची ओळ घातली, आन तितंच नवा प्रोग्राम घडवला. त्यानं सगळ्यांची पाळी काढली. दादासोनं शकुबाईला तिची येळ वाचून दाखवली, खाली बघत.

"टोमॅटो परवाच उपटून टाकले, दादासो," ती म्हणाली. "पण माझ्या वाटचं पाणी सोडणार न्हाय. मेथी टाकीन."

माधवी मला पुसायला निघाली, तर सर्जेराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. माझ्या हातचा पहिला हाय." म्हणून नावामागं 'जुना' लावून मी हितंच पडलोय.

पोरी, म्हाताऱ्याचं ऐकू नको. मला पुसून टाक. कुणीतरी घाईत मला पुन्हा जोडंल. चाळिसापत्तोर मी झ्याक चालंन, आन त्याच्या म्होरं जी कुणी येईल, तिच्याच नावानं गाव बोटं मोडंल.